जळालेले बगळे, मळलेले बगळे

पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे पक्षिछायाचित्रांचे अल्बम काढून बसलं, तर एक दोष सरसकट दिसतो. बगळ्याचं अंग जळालेलं असतं. पाठीवर पिसाची रेघ नाही, मानेला गोलाई नाही, पक्ष्याच्या आकाराचा नुसता पांढरा डाग. हल्ली तसे फोटो फारसे दिसत नाहीत. हल्ली बगळे मळतात. पांढरं जळेल या धास्तीने पक्षी आधीच काळवंडून टिपायचा, मग संगणकावर उरलासुरला उजेडही स्लायडरने खाली ओढायचा, आणि शेवटी हाती येतो तो सिमेंटच्या रंगाचा बगळा. पिसन् पीस मोजता येतं, पण सकाळच्या उन्हात उभा असलेला पक्षी डोळ्यांना जसा लख्ख दिसला होता, तसा तो फोटोत कुठेच नसतो. एका दोषातून निघून आपण दुसऱ्यात कसे पोचलो, आणि यातून वाट काढायची झाली तर कोणत्या पद्धती हाताशी आहेत, त्याचा हा आढावा.

आधी अडचण काय आहे ते पाहू. पाणथळीत चालणारे हे लांब पायांचे पक्षी रंगाने टोकाचे असतात. लहान बगळा, मोठा बगळा, चमचा ही मंडळी पांढरीशुभ्र. काळा शराटी जवळजवळ काळा. शेकाट्याच्या एकाच अंगावर दोन्ही रंग, शिवाय खाली गुलाबी पाय. मागचा पडदाही सतत बदलणारा. आता ओला काळपट चिखल, दोन पावलांवर आभाळ परतवणारं पाणी, पलीकडे पाणकणसाची हिरवी भिंत. उजनीच्या फुगवट्यावर भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला होडीतून फिरताना या तिन्ही गोष्टी एकाच पक्ष्यामागे मिनिटाभरात येऊन जातात. ऊन तेच, पक्षी तोच, आणि कॅमेरा मात्र प्रत्येक वेळी वेगळं एक्स्पोजर सांगतो.

त्याचं कारण साधं आहे. कॅमेऱ्याच्या आतला मीटर वस्तूवर पडणारा प्रकाश मोजत नाही, वस्तूवरून परत आलेला मोजतो. समोर काय आहे हे त्याला कळत नसल्याने सगळं मिळून मध्यम करड्या रंगाचं असावं असं तो धरून चालतो. नवे मीटर याहून बरेच हुशार आहेत, पण त्यांचीही मूळ खोड हीच. म्हणून काळ्या चिखलात लांबवर एक बगळा उभा असेल, तर मीटर चिखलाकडे बघून उजेड वाढवतो आणि बगळा जळतो. इथे एक्स्पोजर एक ते पावणेदोन स्टॉप कमी करावं लागतं. तोच बगळा जवळ येऊन चौकटभर झाला, की मीटर त्या पांढऱ्याला करडं करू पाहतो, आणि आता उजेड वाढवावा लागतो. ढगाळ आभाळावर उडणारा बगळा असेल तर दीड-दोन स्टॉपनेसुद्धा. ‘पांढरा पक्षी असेल तर प्लस करा’ आणि ‘पांढरा पक्षी असेल तर मायनस करा’ हे दोन्ही सल्ले नवशिक्यांना सारख्याच ठामपणे दिले जातात. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि त्यांत मागचा पडदा सांगितलेला नसल्यामुळे दोन्ही निरुपयोगी आहेत.

हा घोळ वंचकाइतका कोणी उघडा पाडत नाही. वंचक, म्हणजे कोकणातला आणि देशावरचाही ढोकरी, डबक्याच्या काठावर बसलेला असतो तेव्हा मातकट, रेघारेघांचा, शेवाळलेल्या दगडासारखा. मीटरला असा पक्षी फार आवडतो, कारण पक्षी, चिखल, वाळकं गवत सगळंच मध्यम. कॅमेरा सांगेल तेच एक्स्पोजर बरोबर येतं. आणि मग तो उडतो. उडताच त्या मातकट पक्ष्यातून पांढरेधोप पंख, पांढरी शेपटी बाहेर पडते. ज्या फोटोसाठी अर्धा तास काठावर मांडी घालून बसलो, त्यात पाठ छान तपकिरी आणि पंख मात्र जळून खाक. उडाल्यानंतर चकती फिरवायला वेळ नसतो, सगळा खेळ सेकंदभराचा. त्यामुळे वंचक टिपणाऱ्याने तो बसलेला असतानाच त्याच्या लपलेल्या पांढऱ्याचं एक्स्पोजर लावून ठेवायला हवं. बसलेल्या फोटोत पाठ जरा गडद येईल, ती नंतर उजळता येते. जळालेला पंख कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

म्हणजे समोरच्या रंगाकडे न बघता उन्हाकडे बघून एक्स्पोजर ठरवायचं. हा काही डिजिटल काळातला शोध नाही. पारदर्शिका, म्हणजे स्लाइड फिल्म वापरणारी पिढी याच पद्धतीने जगली. स्लाइडला अर्ध्या स्टॉपची चूकही सोसत नसे, आणि जळालेलं पांढरं प्रोजेक्टरवर भोकासारखं दिसे. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या आसपास मांडलेली झोन पद्धत मूळची कृष्णधवल फिल्मसाठी होती, पण तिचा गाभा इथेही लागू पडतो: समोरच्या प्रत्येक छटेला फोटोत कुठे बसवायचं ते छायाचित्रकाराने ठरवायचं, मीटरने नाही. आणि ‘सनी सिक्स्टीन’ हा जुना आडाखा तर मीटरशिवायचाच. लख्ख उन्हात एफ १६ ठेवायचं आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं. पांढऱ्या पक्ष्यासाठी त्यातून एक स्टॉप वजा.

हिशेब करून बघा. आयएसओ ४०० असेल, तर या आडाख्याने एफ १६ ला १/४०० येतं. तेच एफ ८ ला १/१६००. पांढऱ्या बगळ्यासाठी एक स्टॉप कमी केला की १/३२००. आपल्याकडे हिवाळ्यात स्वच्छ हवेत सूर्य चांगला वर आल्यावर ही जुळणी सुरुवातीला लावावी, दोन फोटो काढून पांढरं तपासावं, एक-दोन खटके इकडेतिकडे करावे आणि मग कॅमेरा मॅन्युअलवर तसाच सोडून द्यावा. बगळा चिखलातून पाण्यात गेला, पाण्यातून झाडीपुढे उडाला, तरी ऊन बदललेलं नसतं, म्हणून एक्स्पोजरही बदलायचं नसतं. मळभ आलं, सूर्य धुरकटला किंवा पक्षी सावलीत शिरला, तरच हात लावायचा. मॅन्युअल म्हटलं की घाबरणारे बरेच असतात. प्रत्यक्षात या कामासाठी ऑटोपेक्षा तोच जास्त आरामाचा. ‘ऑटो आयएसओ’ जोडलेलं मॅन्युअल मात्र नावालाच मॅन्युअल. त्यात आयएसओची किल्ली परत मीटरच्याच हातात जाते.

ही पद्धत चालते ती ऊन पाठीशी असताना. अमेरिकेतले आर्थर मॉरिस हे पक्षिछायाचित्रणाचे नावाजलेले शिक्षक. त्यांचं ‘द आर्ट ऑफ बर्ड फोटोग्राफी’ हे पुस्तक १९९८ चं. आपली सावली पक्ष्याच्या दिशेने पडेल असं उभं राहा, हा त्यांचा आवडता धडा. भिगवणच्या होडीवाल्यांनी हे पुस्तक वाचलेलं असण्याचं कारण नाही, पण पाहुण्यांच्या हातातल्या कॅमेऱ्यांकडे वर्षानुवर्षं बघून त्यांनाही तो धडा पाठ झालाय. होडी वळवण्याआधी ‘दादा, ऊन पाठीवर घेऊ का?’ असं विचारणारे तिथे भेटतात. अशा माणसाच्या होडीत बसावं. थवा उडवून देतो, मग उडतानाचे फोटो काढा, असं सांगणाऱ्याच्या होडीत बसू नये. त्यात पक्ष्यांचे हाल आहेत आणि फोटोतही पाठमोरे पक्षीच जास्त येतात.

जागेनुसार हा उन्हाचा हिशेब बदलतो. शिवडीचा चिखलपट्टा मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, त्यामुळे सकाळी सूर्य समोर आणि दुपारनंतर पाठीशी. त्यात भरती-ओहोटीची वेळ जुळवावी लागते ती वेगळीच. नांदूर मध्यमेश्वरला मनोऱ्यावरून उंचावरून बघावं लागतं. तिथे पक्ष्याच्या मागे आभाळाऐवजी पाणी किंवा चिखलच येतो. मोजमाप सोपं होतं, पण फोटोचा कोन पडतो. एक्स्पोजर साधलं म्हणून फोटो साधला असं नसतं, हे जाता जाता.

आता डिजिटलमधल्या मोठ्या वादाकडे येऊ. २००३ साली मायकेल राइकमन यांनी ‘ल्युमिनस लँडस्केप’वर एक लेख लिहिला. फोटोशॉपचे एक जनक थॉमस नॉल यांच्याशी झालेल्या बोलण्यातून तो निघाला होता. म्हणणं असं की सेन्सर उजेड सरळ रेषेत नोंदवतो, म्हणून नोंदीच्या उपलब्ध पायऱ्यांपैकी निम्म्या पायऱ्या सगळ्यांत उजळ स्टॉपमध्येच असतात. १४ बिटांच्या फाइलमध्ये १६३८४ पायऱ्या धरल्या, तर त्यांतल्या ८१९२ एकट्या वरच्या स्टॉपच्या. तेव्हा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, जमेल तितका उजवीकडे न्यावा, फक्त उजव्या भिंतीला धडकू देऊ नये. पायऱ्यांचं हे गणित पुढे मागे पडलं. खरा फायदा जास्त प्रकाश गोळा होण्याचा आहे आणि जास्त प्रकाश म्हणजे कमी दाणा (नॉइज), हे स्पष्ट झालं. सल्ला मात्र टिकला.

दुसरी फळी याच्या उलट. पांढरं वाचवा, बाकी सगळं अंधारात गेलं तरी चालेल, सावल्या मागून उचलू. हे बोलणं २००५ साली वेडेपणाचं ठरलं असतं, कारण उचललेल्या सावल्यांमध्ये रंगीत दाणे आणि पट्टे दिसत. पण २०१० साली नायकॉन डी ७००० सारखे कॅमेरे आले आणि कमी आयएसओला सावल्यांतला दाणा एकदम उतरला. त्या सेन्सरवर तीन स्टॉप उचलले तरी फोटो शाबूत राहू लागला. कॅननच्या त्या काळच्या कॅमेऱ्यांना हे जमत नसे. फोटोग्राफीच्या क्लबांमध्ये ‘अंडर मारा’ आणि ‘ओव्हर मारा’ यावरून जे कडाक्याचे वाद झडले, त्यांत दोन्ही बाजू आपापल्या कॅमेऱ्यापुरत्या खऱ्या होत्या. आज बहुतेक नव्या कॅमेऱ्यांत हा फरक बुजत आला आहे.

माझ्या मते पाणथळीच्या पक्ष्यांपुरता निकाल मधोमध लागतो. पांढरं हे फोटोतलं सगळ्यांत उजळ तपशीलवार क्षेत्र; ते जळणार नाही, पण भिंतीच्या अगदी जवळ बसेल इतकं एक्स्पोजर द्यावं. यात पक्षी उजळही येतो आणि दाणाही कमी. दोन स्टॉप खाली टिपून नंतर उचलण्यात काही कमाई नाही. पाण्यावरच्या उन्हाच्या ठिणग्या मात्र जळू द्याव्यात. त्यांना वाचवायला गेलं की अख्खा फोटो बुडतो, आणि डोळ्यालाही त्यांत कधी तपशील दिसलेला नसतो.

हिस्टोग्राम बघताना दोन गोष्टी विसरल्या जातात. एक म्हणजे रॉ फाइल टिपत असलो, तरी कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा आलेख जेपेगवरून काढलेला असतो. म्हणून ‘व्हिव्हिड’सारखी भडक शैली निवडलेली असेल, तर पांढरं जळाल्याचा इशारा देणारी लुकलुक आधीच सुरू होते, रॉमध्ये अजून जागा शिल्लक असली तरी. शैली ‘न्यूट्रल’ ठेवली की आलेख खऱ्याच्या जवळ येतो. दुसरी, एकत्रित आलेखापेक्षा तिन्ही रंगांचे वेगवेगळे आलेख बघावेत. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांवर संध्याकाळचं ऊन पडतं तेव्हा एकत्रित आलेख ऐसपैस दिसतो, आणि लाल रंगाचा मात्र केव्हाच भिंतीला टेकलेला असतो. पंखाखालचा तो किरमिजी पट्टा मग सपाट रंग फासल्यासारखा येतो. रोहितांचे निम्मे फोटो बिघडतात ते इथे, आणि दोष बिचाऱ्या संपादनाला लागतो. सकाळच्या पिवळ्या उन्हातल्या बगळ्यालाही लाल आधी जळण्याचा धोका असतोच.

यंत्रांनी या बाबतीत मदत केली आहे, नाही असं नाही. नायकॉनने २०१४ च्या डी ८१० मध्ये उजळ भागाला झुकतं माप देणारं मीटरिंग आणलं, नंतर इतरांनीही तशा सोयी दिल्या. काळ्या चिखलातल्या एकुटवाण्या बगळ्यासाठी ते उत्तम. ढगाळ आभाळापुढे मात्र ते पक्षी सोडून आभाळ वाचवत बसतं. मिररलेस कॅमेऱ्यांच्या नेत्रिकेत फोटो निघण्याआधीच त्याचा उजेड आणि आलेख दिसतो. त्यामुळे एक्स्पोजर शिकवण्याची जुनी पद्धत जवळपास मोडीत निघाली आहे. तरी नेत्रिकेचा उजेड किती ठेवलाय त्यावर डोळा फसतो, म्हणून भरवसा आलेखाचाच.

मग मळलेले बगळे आले कुठून? माझा तर्क असा, की दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या. सेन्सरच्या सावल्या स्वच्छ झाल्या, आणि २०१२ साली लाइटरूम ४ मध्ये ‘हायलाइट्स’ आणि ‘शॅडोज’ हे दोन नवे स्लायडर आले. एक उणे शंभरवर, दुसरा अधिक शंभरवर, आणि जादू झाल्यासारखा सगळा तपशील हजर. तेव्हापासून हेच संपादन अशी समजूत होऊन बसली. पण पांढऱ्या पक्ष्याला पांढरेपणा येतो तो त्याच्या अंगावरच्या छटांमधल्या अंतरातून. उन्हाकडची बाजू लख्ख, पोटाकडची थोडी उतरलेली, पंखाच्या घडीत आणखी खाली. ‘हायलाइट्स’ शेवटपर्यंत ओढला की वरचं टोक खाली येऊन खालच्याला चिकटतं. अंतर मिटलं की पक्षी सपाट आणि करडा होतो.

एक फाइल डोळ्यांसमोर आणू. लहान बगळा, चिखलात उभा, डावीकडून सकाळचं ऊन, काळी चोच पाण्याकडे. पांढरं भिंतीच्या आत राखून टिपलेलं असल्यामुळे चिखल बराच गडद आहे. पहिला मोह चिखल उजळायचा होतो. तो आवरावा, गडद चिखलावरच तर बगळा उठून दिसतोय. ‘हायलाइट्स’ उणे तीस-चाळीसवर थांबवावा आणि मग ‘व्हाइट्स’ वर न्यावा. हे दोन्ही परस्परविरोधी वाटतं, पण पहिल्याने पिसांमधले फरक उघडतात आणि दुसऱ्याने पांढऱ्याचं टोक पुन्हा वर जातं. कर्सर पाठीवर फिरवून आकडे बघावेत. २५५ म्हणजे जळालेलं. उन्हातली पिसं २३५ ते २४५ च्या दरम्यान आणि पोटाखालची सावली त्याहून बरीच खाली असली की बगळा पांढराही दिसतो आणि गोलही. ‘टेक्स्चर’ला पाठीपुरता हलका हात. ‘क्लॅरिटी’ला पांढऱ्या पक्ष्यावर हातच लावू नये, ती पिसांच्या कडा काळ्या करते, आणि मळ चढतो तो बऱ्याचदा तिथून.

रंगाचं संतुलन ही दुसरी अडचण. सावलीत टिपलेला बगळा निळसर येतो, नीळ जास्त झालेल्या धोतरासारखा. तो निळेपणा काढायलाच हवा. पण भातखाचरात उभ्या असलेल्या बगळ्याच्या पोटाखाली हिरवी झाक असते, ती खरी असते, खालच्या हिरव्यावरून परतलेल्या उजेडाची. ती पुसली की पक्षी कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. सूर्योदयाच्या बगळ्याचंही तेच. ड्रॉपरने पिसावर टिचकी मारून त्याला कागदी पांढरा करणारे लोक त्या वेळेचं ऊनच धुऊन टाकतात. विणीच्या दिवसांत चमच्याच्या छातीवर पिवळसर पट्टा येतो. तोही या टिचकीत फिका पडतो, आणि माहिती देणारा भाग हरवतो.

काळ्या पक्ष्यांचं संपादन त्या मानाने सरळ आहे. काळा शराटी किंवा मोरशराटी उजळताना थोडंच उजळावं. मोरशराटीच्या पंखांवरची हिरवी-तांबूस झळाळी ऊन ज्या कोनातून पडतं त्याने येते, स्लायडरने नाही. ऊन पाठीशी नसेल तर ती आलेलीच नसते. शेकाट्याच्या बाबतीत दुखणं धारदारपणाचं. त्याचे काडीसारखे पाय आणि सुईसारखी चोच उजळ पाण्यापुढे असतात. शार्पनिंग जरा जास्त झालं की दोन्हींभोवती पांढरी कड उमटते. ते पक्ष्याच्या डोक्यापुरतं आणि अंगापुरतं करावं. २०२१ पासून लाइटरूममध्ये पक्षी आपोआप निवडणारा मास्क आहे, पण लांब पाय तो हमखास अर्धे सोडतो. मग गुडघ्याच्या वर उजळ आणि खाली गडद असा दोन तुकड्यांचा पक्षी तयार होतो. मास्क लाल रंगात दाखवून पाय ब्रशने जोडून घ्यायला अर्धं मिनिट लागतं. तेवढा धीर बऱ्याच जणांना नसतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेने दाणा काढण्याची सोय ही गेल्या काही वर्षांतली खरोखर मोठी भर. डीएक्सओच्या ‘डीपप्राइम’ने २०२० मध्ये आणि अॅडोबीच्या ‘डीनॉइज’ने २०२३ मध्ये आयएसओ ३२०० चे फोटो छापण्याजोगे केले. त्यामुळे पहाटेच्या उजेडातही १/२००० ठेवायची भीती गेली आहे. मासा उचलण्याच्या क्षणी बगळ्याची मान गोठवायला तेवढं शटर लागतंच. धारदारपणा ‘निर्माण’ करणाऱ्या साधनांशी मात्र माझं पटत नाही. धूसर मानेवर ती पिसांसारखं काहीतरी उगवतात, आणि ते त्या पक्ष्याचं नसतं. कडक नियमांच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धा मूळ रॉ फाइल मागतात त्यामागे हीच शंका आहे.

काही गोष्टींना संपादनात उपायच नाही. ऊन चढल्यावर पाण्यावरून उठणारी गरम हवा लांब लेन्समधून बगळ्याच्या कडा थरथरवते. तिथे होडी काठाला लावून चहा घेणं हाच मार्ग. खाडीवरच्या धुरक्याला ‘डीहेज’ थोडं कापतो, पण रोहितांचा गुलाबी रंग लगेच भडक करतो, म्हणून त्याच्या जोडीने सॅच्युरेशन उतरवावं लागतं.

आपल्याकडचे हौशी लोक मोठ्या संख्येने नायकॉन पी ९०० घेऊन फिरतात. २०१५ सालच्या त्या कॅमेऱ्यात ८३ पट झूम आहे आणि रॉ फाइल नाही. वर दिलेली संपादनाची बरीचशी चर्चा त्यांना लागू नाही, कारण जेपेगमध्ये जळालेलं पांढरं जळालेलंच राहतं आणि मळलेलं उजळायला गेलं की तुकडे पडतात. एक्स्पोजरची चर्चा मात्र त्यांनाच सर्वांत जास्त लागू आहे. गडद पडद्यापुढच्या पांढऱ्या पक्ष्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एक लावून सुरुवात करावी, पडद्यावर फोटो मोठा करून पाठीवर पिसं दिसतात का ते बघावं, आणि पक्षी तिथेच आहे तोवर चकती फिरवावी.

ज्यांना फोटो छापायचे आहेत त्यांनी संगणकाच्या पडद्याचा उजेड आधी उतरवावा. बहुतेक पडदे घरी आणताना होते तसेच भगभगीत ठेवलेले असतात. त्यावर बगळा पुरेसा पांढरा वाटतो, म्हणून माणूस त्याला खाली ओढत जातो, आणि छापून आल्यावर तो आणखी एक पायरी काळवंडतो. छापील कागदावर २५५ म्हणजे शाईच नाही, उघडा कागद. चकचकीत कागदावर पाठीच्या मधोमध असा उघडा ठिपका पडला, तर फोटो तिरका धरल्याबरोबर तो वेगळा चमकतो. म्हणून मोठी प्रत काढण्याआधी पक्ष्याच्या पाठीचा तळहाताएवढा तुकडा त्याच कागदावर छापून घ्यावा आणि तो खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बघावा.